आधी सांगा, तार कसली आहे

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले, की अनोळखी नंबरवरून नुसतं 'हाय' आलं की मी फोन पालथा घालते आणि कुकर लावायला जाते. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले, की या वेळचं सदर त्यालाच देणं भाग आहे. नव्या वाचकांना आधी माझी ओळख सांगते, नाहीतर म्हणाल बाई दुसऱ्यांना शिकवते आणि स्वतःचं नाव-गाव सांगत नाही. १९७९ साली मी पोस्टात सिग्नलर म्हणून लागले, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. कट्ट-कड करून मोर्सच्या टिंब-रेघांत तारा, म्हणजे टेलिग्राम, घ्यायच्या, पाठवायच्या. पुढे तारा आटल्या तशी काउंटरवर आले, मनिऑर्डरी, बचत खाती, रजिस्टर पत्रं. २०१७ ला निवृत्त झाले. लोक लोकांना काय आणि कसं लिहितात हे वाचण्यात माझी ३८ वर्षं गेली. कामाचा भाग होता तो, चोंबडेपणा नव्हे. (थोडा चोंबडेपणाही.)

प्रश्न : मी एम. एस्सी. वनस्पतीशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या प्रकल्पासाठी दुसऱ्या विद्यापीठातल्या एका सरांची मदत हवी आहे. त्यांना मी मेसेज केला, 'हॅलो सर, मायसेल्फ अमुक अमुक फ्रॉम लातूर, प्लीज गाईड मी सर.' दोन निळ्या टिका दिसतात, उत्तर नाही. पुन्हा 'सर??' असं पाठवलं. त्यालाही नाही. माझं काय चुकलं?
— एक विद्यार्थिनी, लातूर

पोरी, ती दोन प्रश्नचिन्हं मागे घेता आली असती तर बरं झालं असतं. असो.

आमच्या पोस्टात तारा वाटायला एक वयस्कर शिपाई होते. त्या काळी तार म्हणजे कुणीतरी गेलं, असंच गावाला वाटायचं. सायकल दारात थांबली की घरातली बाई आधी हंबरडा फोडायची आणि मग तार उघडायची. आत काय, तर 'मुलगा झाला, दोघे सुखरूप'. म्हणून हे गृहस्थ गल्लीच्या कोपऱ्यावरूनच ओरडत यायचे, 'खुशालीची आहे हो, खुशालीची!' नियमात ते अजिबात बसत नव्हतं. घरच्यांच्या आधी मजकूर गल्लीला कळायचा. पण पोस्टमास्तरांनीही त्यांना कधी हटकलं नाही. वाईट तार असली की ते सायकलवरून उतरून, हातात धरून, गप्प चालत यायचे. मग गल्लीही गप्प व्हायची.

तुझा मेसेज बघ. सरांना तुझं नाव कळलं, गाव कळलं. तार कसली आहे ते कुठे कळलं? 'गाईड मी' म्हणजे काय समजायचं त्यांनी? पाच मिनिटांचं काम आहे, की वर्षभराचं लचांड? अनोळखी नंबर दिसला की माणसाच्या मनात पहिलं येतं ते 'ही कोण' हे नसतंच. 'आता माझ्याकडून काय हवंय' हे असतं. तेवढी धास्ती पहिल्या दोन ओळींत काढून टाकायची.

तू प्रकल्पाबद्दल पुढे जे लिहिलं आहेस, त्यावरून मी असा मजकूर करीन : 'नमस्कार सर. मी (तुझं नाव), लातूरला एम. एस्सी. वनस्पतीशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या विभागप्रमुखांनी तुमचा नंबर दिला. मांजरा नदीकाठच्या गवतांवर माझा प्रकल्प आहे. त्यातल्या एका गवताची ओळख पटत नाही. चार फोटो पाठवले तर पाहाल का? माझ्याकडे अजून तीन आठवडे आहेत.' झालं. गवताचा अभ्यास करणारा माणूस न ओळखलेल्या गवतावर गप्प बसेल, असं मला तरी वाटत नाही. आणि विभागप्रमुखांचं नाव घालण्याआधी त्यांना विचार. दुसऱ्याचं नाव वापरायचं तर त्याला माहीत हवं.

'मायसेल्फ' सोड. 'मी' हा चांगला शब्द आहे, एका अक्षराचा आहे.

प्रश्न : मुलासाठी स्थळं बघते आहे. वधूवर सूचक मंडळाच्या यादीतून नंबर घेऊन आतापर्यंत तीसेक जणांना बायोडेटा आणि फोटो पाठवले. चार जणांनी उत्तर दिलं. बाकीचे बघून गप्प. एकीने तर ब्लॉक केलं. आजकालच्या लोकांना रीतभात उरली नाही का?
— एक आई, सांगली

ताई, रीतभातीचं नंतर बोलू. तुम्ही काय पाठवता ते तुम्हीच चिठ्ठीत सांगितलंय, 'बायोडेटा आणि फोटो'. त्याच्यासोबत एक ओळही नाही? म्हणजे रात्री जेवणं झाल्यावर त्या घरात फोन वाजतो, आणि समोर येते एक पीडीएफ. वर गणपती, मध्ये रास-नक्षत्र-गण-नाड, मामाचं कूळ, आणि शेवटी 'अपेक्षा : अनुरूप'. कोणी पाठवली, कुठून, कुणाला उद्देशून, पत्ता नाही. पूर्वी स्थळ घेऊन मध्यस्थ यायचा तेव्हा तोसुद्धा आधी चहा घ्यायचा, पाऊसपाण्याचं बोलायचा, आणि मगच खिशातून पत्रिका काढायचा.

दुसरं असं, की यादीतला नंबर हल्ली पुष्कळदा मुलीचा स्वतःचा असतो. तुम्ही वडिलांचा समजून पाठवता. ज्या मुलीनं तुम्हाला ब्लॉक केलं, तिच्या फोनवर कुण्या अनोळखी नंबरवरून एका पुरुषाचा फोटो आला, एवढंच तिला दिसलं. मी असते तर मीही तेच केलं असतं.

आधी फक्त मजकूर पाठवा. दिवसाउजेडी. 'नमस्कार. मी सांगलीहून (नाव), मुलाची आई. अमुक मंडळाच्या यादीत तुमच्याकडचं स्थळ पाहिलं, नोंदणी क्रमांक अमुक. मुलगा २९ वर्षांचा, पुण्यात नोकरीला आहे. हा नंबर मुलीचा की आईवडिलांचा, आणि माहिती पाठवू का, तेवढं कळवाल? जमण्यासारखं नसेल तर तसं सांगितलंत तरी अजिबात राग नाही.' हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलंय. 'नाही' म्हणायला वाट ठेवली नाही की लोक गप्प बसतात. आपल्याकडे 'पत्रिका जुळत नाही' हे एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या याच कामाला आलेलं आहे. पण ते म्हणायला समोर एक बोलणारं माणूस तर हवं! पीडीएफला कोण सांगणार पत्रिका जुळत नाही म्हणून?

आणि एक, तुमच्या फोनवरचं नाव बघा. ज्याच्याकडे तुमचा नंबर जतन नाही त्याला व्हॉट्सॲपवर तुम्ही स्वतः भरलेलं नाव दिसतं, आधी एक नागमोडी रेघ असते त्याच्या. तुमच्याकडून माझ्याकडे आलेल्या मेसेजवर ते नाव 'स्वामी कृपा' असं होतं. श्रद्धेबद्दल काही म्हणणं नाही, पण मुलीच्या घरच्यांना तुमचं नाव लागेल.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपमध्ये एक मुलगी आहे. तिचा नंबर ग्रुपमधून मिळाला. स्वतःची ओळख करून देणारा एक छान मेसेज लिहून द्याल का? आधी दोनदा 'हाय' केलंय, तिने उत्तर दिलेलं नाही.
— वय २६, पुणे

नाही देणार. तिने नंबर पाण्याच्या टँकरची वेळ कळावी म्हणून ग्रुपला दिलाय, तुला दिलेला नाही. दोनदा उत्तर आलं नाही, हेच उत्तर आहे. स्त्रीने नको असल्याचं दाखवूनही तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क साधायचा प्रयत्न करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा ठरू शकतो. दोन 'हाय'वर कोणी तुला धरून नेणार नाही, पण तिसरा करू नकोस. गणपतीत मांडवाच्या कामाला उभा राहा. सगळ्यांसमोर, सगळ्यांशी बोल. तिला बोलावंसं वाटलं तर बोलेल.

प्रश्न : माझी सांगोल्याजवळ दोन एकर डाळिंबाची बाग आहे. दर वेळी गावातल्याच व्यापाऱ्याला माल देतो, यंदा बाहेरच्या व्यापाऱ्यांचे नंबर मिळवले. 'डाळिंब आहे, भाव काय?' असं सगळ्यांना पाठवलं. कोणी विचारत नाही. आम्ही शेतकरी म्हणून का?
— एक बागायतदार, सांगोला

भाऊ, डाळिंबातलं मला खायच्या पलीकडे काही कळत नाही. तारेतलं कळतं. तारेला शब्दावर पैसे पडायचे, पत्त्याचे शब्दसुद्धा मोजायचो आम्ही. म्हणून तर मोठे व्यापारी एका शब्दाचा तारेचा पत्ता नोंदवून ठेवायचे. काउंटरवर व्यापारी यायचे त्यांच्या तारा बघून मी थक्क व्हायचे. आठ शब्दांत माल, वजन, दर, कधी निघणार, सगळं. आणि पहिल्यांदाच तार करणारा यायचा तो 'सर्व मंडळींस नमस्कार'वरच दोन रुपये घालवायचा.

तुमच्या मेसेजात शब्द कमी आहेत, पण मालही नाही त्यात. व्यापाऱ्याला तुमच्याकडे गाडी पाठवायची की नाही एवढं ठरवायचंय. मी माझ्या भाच्याला विचारलं, तो बाजार समितीत हमाली-तोलाईचा हिशेब ठेवतो. त्याच्या सांगण्यावरून असा मजकूर केला : 'नमस्कार. मी (नाव), सांगोल्यापासून इतक्या किलोमीटरवर, अमुक गाव. भगवा, दोन एकर, हस्त बहार. तोडणी दहा-बारा दिवसांत. अंदाजे इतके टन. गाडी बागेपर्यंत येते. फळाचे फोटो आज सकाळचे खाली आहेत. जागेवर बघायला कधी येता?' फोटोत फळाशेजारी काहीतरी ओळखीचं ठेवा, म्हणजे आकार कळतो. भाचा म्हणाला, काड्यापेटी ठेवतात.

'भाव काय' हे पहिल्या मेसेजात नको. माल न बघता भाव सांगणारा व्यापारी तुम्हालाही नको असेल. आणि शेतकरी म्हणून उत्तर देत नाहीत असं मनात धरू नका. त्या माणसाला दिवसात अशी पन्नास 'भाव काय' येत असतील.

प्रश्न : मी निवृत्त मराठी शिक्षक. अनोळखी व्यक्तीला मेसेज करताना मी वर 'स. न. वि. वि.' लिहितो. मुलगा म्हणतो, बाबा, लोक हसतात. आजच्या पिढीने मायना पार सोडला याचं वाईट वाटतं. आपलं मत?
— एक शिक्षक, म्हापसा, गोवा

सर, हसतात ते जाऊ दे. पण खरं सांगू, निम्म्यांना त्याचा अर्थ माहीत नसतो. 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' असं पुरतं लिहून बघा, कुणी हसणार नाही. उलट बरं वाटेल.

मायन्याचं मला वाटतं ते थोडं सविस्तर लिहिते, कारण विषय माझा आवडता आहे. आपण समजतो मायना म्हणजे आदर. माझ्या मते ती खूण होती. कार्ड हातात घेतल्याबरोबर, मजकूर न वाचता, कळायचं की हे कुणाकडून कुणाला आणि कसल्या कामाचं. स्वतःच्या वडिलांना 'तीर्थरूप' आणि वडिलांच्या जागी असलेल्या दुसऱ्याला 'तीर्थस्वरूप', एवढ्या एका 'स्व'वरून नातं कळायचं. पत्राच्या माथ्यावर 'श्री' असायची. ती नसली की वाचणाऱ्याच्या काळजात चर्र व्हायचं, कारण निधनाच्या पत्रावर 'श्री' घालत नसत, आणि असं कार्ड वाचून झालं की फाडून टाकायचे. लग्नाच्या पत्राला कोपऱ्यात हळदकुंकू. सॉर्टिंग करताना बोटं पिवळी व्हायची आमची. तो पिवळा कोपरा म्हणजे माझ्या तारवाल्याचं 'खुशालीची आहे हो!'

सगळंच जुनं पुन्हा आणावं असं मात्र मला वाटत नाही. नवरा गेलेल्या बाईच्या नावाआधी 'गं. भा.' लिहायचे. दर पत्रावर पोस्टमनच्या हातून तिला ते दारात मिळायचं. मी स्वतः पाकिटं वाटायला देताना ते वाचून ओशाळले आहे. ती खूण गेली ते बरं झालं.

तेव्हा मायना ठेवा, आजच्या कामाचा ठेवा. 'नमस्कार, मी म्हापशाहून (नाव), निवृत्त शिक्षक. अमुक कामासाठी लिहितो आहे.' शेवटी 'कळावे' ठेवलंत तर मला स्वतःला फार आवडेल. इंग्रजीतल्या 'रिगार्ड्स'पेक्षा 'कळावे' किती सरळ आहे. तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं, संपलं.

'तुम्ही' की 'आपण' असंही आपण विचारलंय. मी 'तुम्ही' लिहिते. 'आपण'मध्ये कधीकधी सरकारी परिपत्रकाचा वास येतो. हे माझं मत, पटलं नाही तर सोडा.

प्रश्न : मला मेसेज आला, 'काका, मी तुमच्या पुतण्याचा मित्र, तो अडचणीत आहे, लगेच पैसे पाठवा.' नावगाव बरोबर होतं. मी पाठवले नाहीत, पण रात्रभर झोप नाही. खऱ्या-खोट्याची पारख कशी करावी?
— वय ७४, नाशिक

काका, पाठवले नाहीत ते उत्तम केलंत. नावगाव बरोबर असण्याला आता काही किंमत राहिली नाही, ते कुठूनही मिळतं. पुतण्याचा जो नंबर तुमच्या फोनमध्ये आधीपासून आहे त्यावर फोन लावायचा. मेसेजात दिलेल्या नंबरवर नाही. खरा मित्र असेल तर तोच म्हणेल, 'काका, आधी वहिनींना विचारून घ्या.' खोटा म्हणतो, 'कुणाला सांगू नका, वेळ नाही.' पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' केल्याचं कोणी म्हणालं तर फोन ठेवा, तशी अटक कायद्यात नाही. पैसे गेलेच तर रडत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : पस्तीस वर्षांपूर्वी सुटलेल्या एका मैत्रिणीचा नंबर मिळाला आहे. मेसेज करावासा वाटतो, पण तिला मी आठवेन का? 'ओळखलंस का?' असं लिहून ठेवलंय, पाठवायचा धीर होत नाही.
— एक वाचक, कल्याण

'ओळखलंस का' पाठवू नका हो. ती परीक्षा असते, आणि नापास झालं की दोघींना लाज वाटते. तुम्हीच सांगून टाका : शाळा कुठली, साल कुठलं, आणि तुम्हा दोघींनाच माहीत असेल असं एखादं. डब्यातलं, बाकावरचं, मार खाल्ल्याचं, काहीही.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. गेल्या वर्षी मला एका नंबरवरून रोज 'हाय' यायला लागलं. मग गुलाबाची फुलं, 'शुभ सकाळ'. नागमोडी रेघेपुढे कुण्या पोराचं नाव, आणि फोटोत मोटारसायकल. आठव्या दिवशी मी ब्लॉक करून टाकलं. सहा महिन्यांनी पेन्शनरांच्या मेळाव्यात कळलं, की आमच्या ट्रेनिंगमधली अकोल्याची मैत्रीण भाचीच्या लग्नाला साताऱ्याला येऊन गेली. तीन दिवस होती. म्हणत होती, 'तिले किती मेसेज केले, काहून बोलत नाही माहीत नाही.' फोन तिच्या नातवाचा होता. आम्ही दोघी एका खोलीत राहिलेल्या, एका स्टोव्हवर भात लावलेला, एकमेकींच्या चुकलेल्या टिंब-रेघा सुधारलेल्या.

घरी येऊन नंबर मोकळा केला. अर्धा तास लागला मजकूर जुळवायला, लोकांना शिकवणाऱ्या मला! शेवटी लिहिलं, 'मी बोलतेय, सातारची. खिडकीकडची कॉट. तुझा स्टोव्ह मीच बिघडवला होता, पिन माझ्याकडून आत पडली, तेव्हा सांगितलं नाही. अकोल्याला यायचं म्हणते, दिवाळीनंतर. चालेल का?'

उत्तरात एकही अक्षर नव्हतं. एक रेघ, एक टिंब, एक रेघ. आमच्या कामात त्याचा अर्थ, बोल, ऐकतेय.